दुसऱ्या पसंतीची मतं

दौलतने श्यामकांतची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. नाकातून रक्त आलं. श्यामकांतने आधी चिठ्ठ्या बाजूला सारल्या, मग रुमाल काढला. कारकून माणूस.

"परत मोज," दौलत म्हणाला.

श्यामकांत ठाकूरद्वारचा. नायगावच्या या चाळीत त्याचं कोणी नव्हतं, म्हणूनच चळवळीच्या समितीने त्याला मोजणीला धाडलं होतं. चाळप्रमुख निवडायचा होता. मोर्चात पुढच्या रांगेत कोण चालणार, ती यादी प्रमुख करी. जानेवारीत प्रमुख दौलत होता; त्याच्या यादीत पुढे सगळी त्याच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या जयवंतची माणसं होती. दोघं पोलिसांच्या गोळीने गेले. दौलतची माणसं मागे होती. घोषणा मात्र त्यांच्याच मोठ्या.

आजवर हात वर करून मत देत, आणि वर गेलेला हात संध्याकाळी कोणीतरी मोडून ठेवी. म्हणून श्यामकांतने यंदा गुप्त चिठ्ठी आणली. खोलीमागे एक, आणि उमेदवारांपुढे पसंतीचे आकडे: एक, दोन, तीन. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, तर शेवटचा बाद; त्याच्या चिठ्ठ्या ज्याच्या-त्याच्या दुसऱ्या पसंतीला जायच्या. तिसरा उमेदवार होता लवू, मिलमध्ये माग चालवणारा सांचेवाला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दौलतला समजावणीत रस नव्हता. जयवंतची मतं कमी झाली की झालं, एवढं त्याला कळत होतं. मतदानाच्या सकाळी त्याच्या पोरांनी जयवंतच्या पाच माणसांना जिन्यात गाठलं आणि सळ्यांनी असं फोडलं की पाचही इस्पितळात.

श्यामकांतने परत मोजलं. दौलत बत्तीस, लवू बावीस, जयवंत एकवीस.

"जयवंत बाद. त्याच्या एकवीसही चिठ्ठ्यांवर दुसरा लवू. त्याचे त्रेचाळीस झाले. लवू प्रमुख."

"आणि लवूच्या चिठ्ठ्यांवर दुसरा कोण?"

"त्या बघायची गरज नाही."

दौलतने त्या स्वतःच पसरल्या. भ्यालेली माणसं; बावीसपैकी तेरा जणांनी दुसरा दौलत लिहिला होता.

"ते पाच जण आले असते," श्यामकांत रुमालाआडून म्हणाला, "तर जयवंत सव्वीस. मग लवू बाद होऊन ही तेरा तुम्हाला आली असती. ऐंशीत तुम्ही पंचेचाळीस."

दौलत ओठ हलवत बेरीज करत राहिला. तेवढ्यात दारातल्या त्याच्या पोरांपैकी एकाने आत येणाऱ्या लवूच्या तोंडात भडकावली. लवू भिंतीला आदळला, उभा राहिला, फाटलेला ओठ बाहीने पुसून आत आला आणि टेबलाशी बसला. उद्या फोर्टात मोर्चा होता. यादी आजच द्यायची होती.

त्याने कोरा कागद ओढला, सावकाश पहिलं नाव लिहिलं. स्वतःचं. मग पेन्सिल दौलतपुढे धरली.

"दौलतभाऊ, पहिल्या रांगेतलं पुढचं नाव तुम्ही लिवा."

पोरं दौलतकडे बघत होती. बाहेर, जयवंतच्या मागे, सगळी चाळ उभी होती.

दौलतने पेन्सिल घेतली. बराच वेळ ती कागदाला टेकली नाही.