व्हिटलोच्या फुलाचं संशोधन

मोहनने सॅक्सोफोन घेतला तो २०२१च्या लॉकडाउनमध्ये, आणि पुढच्या दोन महिन्यांत त्यातून एकही सूर काढला नाही. कारणं भक्कम होती. सिडनीतल्या वेस्टमीडमधल्या त्यांच्या युनिटच्या, म्हणजे फ्लॅटच्या, भिंती पातळ, आणि बायको विनिता आयसीयूत नर्स. रात्रपाळी करून आडव्या झालेल्या बाईच्या उशाशी भोंगा वाजवायची मोहनची छाती नव्हती. मग अस्सल पुणेकराने करावं तेच त्याने केलं. वाद्य बाजूला ठेवलं आणि वाद्याचा इतिहास लिहायला घेतला.

सॅक्सोफोन अमेरिकेतल्या व्हिटलो कंपनीचा. त्या कंपनीची कुंडली मोहनला आता स्वतःच्या घराण्यापेक्षा जास्त पाठ होती. व्हिटलो मूळचा स्टोव्ह दुरुस्त करणारा. तिकडे घरोघरी पोरं सॅक्सोफोन फुंकायला लागली तसा मालामाल झाला. मग मंदी आली, मग युद्ध, आणि शेवटी एका पियानोवाल्याने कंपनी विकत घेऊन तिला कुलूप ठोकलं. दप्तर आगीत खाक झालं. एवढ्या भांडवलावर मोहनने दोनशे चौदा स्लाइड्स केल्या होत्या.

"अरे, एकदा फुंकून तरी बघ," विनिता म्हणायची.

"आधी संदर्भ पक्के होऊ देत."

संदर्भ अडले होते एका फुलापाशी. त्याच्या सॅक्सोफोनच्या कर्ण्यावर कोरलेलं फूल कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हतं. इंटरनेटवरचा एक अमेरिकन जाणकार म्हणे ट्यूलिप. मोहन म्हणे कमळ, आणि दोघं कधीचे हमरीतुमरीवर आले होते. तेवढ्यात मोहनला घबाड मिळालं. व्हिटलोमध्ये एकतीस वर्षं कोरीवकाम केलेली एडना इंडियानातल्या एका केअर होममध्ये होती, वय त्र्याण्णव. ते फूल कुठलं आणि का, हे सांगू शकणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं. केअर होमने कळवलं, शनिवारी संध्याकाळी चाळीस मिनिटं टॅब्लेट देऊ, मग तो पुढच्या खोलीत जाईल.

म्हणजे सिडनीत रविवारची सकाळ. गुपचूप व्हिडिओ कॉल केला असता तर काम फत्ते होतं. पण शोध चार लोकांसमोर लागला नाही तर त्याला शोध कोण म्हणणार? मोहनने मराठी मंडळाला सांगितलं आणि मंडळाने त्याचा रीतसर झूमवर कार्यक्रम केला.

"वेलकम एडना, वुई कान्ट वेट टू हिअर युअर स्टोरी!" मंडळाची सेक्रेटरी चारुता म्हणाली. लगेच तिने कुणाच्या तरी कुकरच्या शिट्टीमुळे सगळ्यांना म्यूट केलं आणि मराठीत निवेदन सुरू केलं. मंडळाचे ज्येष्ठ सभासद मधूकाका यांनी डार्विन शहरातल्या आपल्या घरून समई लावली. पंख्याने ती दोनदा विझली. अध्यक्ष नरेंद्र यांच्या प्रास्ताविकात त्यांच्या शाळेचं बँडपथक सविस्तर येऊन गेलं. मग चारुताने मोहनचा परिचय वाचला. तो मोहननेच लिहून दिला होता, त्यामुळे काही राहून जायचा प्रश्नच नव्हता. तीन मिनिटं उरली तेव्हा एडनाला अनम्यूट केलं.

"वेल, दॅट्स ऑल ऑफ इट, डियर," ती प्रसन्न हसून म्हणाली. "एनी क्वेश्चन्स?"

"नो नो, एडनाजी, वुई आर जस्ट स्टार्टिंग," असं म्हणत मोहनने कंपनीच्या स्थापनेची स्लाइड लावली. ती संपायच्या आत एक हातमोजा दिसला आणि टॅब्लेट उचलला गेला.

"गंडली गं आजी," जेवताना तो विनिताला म्हणाला. "वयच आहे. नो वरीज, पुढच्या शनिवारी गाठतो."

शुक्रवारी केअर होमचा चार ओळींचा मेल आला. एडना कोविडने गेली होती.

मोहन हबकला. वाईट वाटलं, अगदी मनापासून. आणि त्यातलं निम्मं फुलासाठी वाटतंय, याची त्याला लाजही वाटली. रविवारी विनिताला सुट्टी होती. ती म्हणाली, "रेकॉर्डिंग लाव. मला बघू दे तिला."

कार्यक्रमात मोहनने बोलणाऱ्याचाच चेहरा मोठा ठेवला होता. रेकॉर्डिंगमध्ये सगळ्या चौकटी सारख्या होत्या.

"थांब," विनिता म्हणाली. "ही बोलतेय."

एडना बोलत होती. चारुताच्या स्वागतानंतर लगेच तिने सुरुवात केली होती. मंडळाचं मराठी म्हणजे आपल्याच बोलण्याचं भाषांतर चाललंय, असं वाटलं असणार बिचारीला, कारण मधूनमधून ती त्यांच्यासाठी थांबतही होती. हवेत अंगठ्याने छिन्नी ढकलत होती, पाकळ्या काढून दाखवत होती. एकदा तिने डोळेही पुसले. तिच्या चौकटीत माइकवर लाल रेघ होती. अशी पस्तीस मिनिटं.

मोहनने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "तू गळ्यात नळी असलेल्या पेशंटचे ओठ वाचतेस ना? वाच की!"

"सगळं नाही येत रे मला."

ती स्क्रीनला नाक लावून बसली. फुलाचं नाव काही हाती लागलं नाही. पाच-सहा वेळा मागे नेल्यावर एकच वाक्य तिला नीट कळलं. एडना कॅमेऱ्याजवळ येऊन, कपाळाला आठ्या घालून, ते दोनदा म्हणाली होती.

"काय म्हणतेय?"

"कॅन यू हिअर मी?"

शेजारच्याच चौकटीत मोहन होता. चारुता त्याच्या व्यासंगाचं कौतुक करत होती, आणि तो हसत हसत होकारार्थी मान हलवत होता.