दादांचा उतारा

“मागच्या इंटरव्ह्यूला हा म्हणाला, जमिनीचा कागद थोरल्या भावाचा. आज म्हणतो, आजोबांचा. विचारा त्याला, खोटं का बोललास?” इमिग्रेशनचा साहेब मला म्हणाला.

मी गारच पडले. खोटं शुकूर बोलला नव्हता. घोळ माझा होता.

शुकूर ब्रह्मदेशातल्या आराकानचा रोहिंग्या. गेल्या वर्षी, ब्याण्णव साली, सैन्यानं त्याचं गाव उठवलं. तिथलं सरकार म्हणतं, तुम्ही इथले नव्हेतच. आता तो इंग्लंडात आसरा मागतोय, तर इथल्या ऑफिसलाही तो बांगलादेशी असल्याचा संशय. तो तिथलाच, याला पुरावा एकच, आजोबांच्या नावाचा उतारा.

मी इथल्या रीडिंग गावच्या हॉस्पिटलात रेकॉर्ड्सची क्लार्क. पण साडीतल्या बाईला तिकडच्या सगळ्या भाषा येतात अशी इथे ठाम समजूत आहे. दुभाषी म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मीही तोऱ्यात गेले. त्याचं उर्दू मोडकं, माझं हिंदी दादरचं. तो म्हणाला, “दादा का काग़ज़ है.” मी बेधडक सांगून टाकलं, थोरल्या भावाचा. आमच्याकडे दादा म्हणजे अतुलदादा. हिंदीतले दादा म्हणजे आजोबा, हे शाळेत शिकले होते, पण ऐन वेळी कान मराठीच राहिले. वर त्याला म्हटलं, “सही करो भाई, सब ठीक लिखा है.” आणि त्यानं केली.

“मिस्टेक माझी आहे, त्याची नाही. मी चुकीचं ट्रान्सलेट केलं,” मी साहेबाला सांगितलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “खाली सही त्याची आहे, मिसेस ओगले. तुम्ही साक्षीदार नाही. प्रश्न तेवढा विचारा.”

मला त्याचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. तरी विचारला.

शुकूर साहेबाकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला. “आपा, मैंने दादा बोला था ना?”

मी हो म्हणाले.

“तो इनको बोलो.”

बोलले, असं सांगणार तोच साहेबानं हात वर केला. आपसात बोलायचं नाही. ते सांगायचं राहिलंच.

शेवटी आजचा जबाब पुढे आला. सही कुठे करायची ते मी बोटानं दाखवलं. शुकूरनं पेन घेतलं नाही. कागद जवळ ओढून तो पहिल्या ओळीपासून एकेका शब्दावर बोट ठेवत निघाला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. साहेबानं दोनदा घड्याळ पाहिलं.

शुकूरनं मला काहीच विचारलं नाही.