खसखस आणि चौथी कवळी

भिजलेली खसखस फुगते. किती फुगते ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं.

प्लॅस्टर घट्ट होताना गरम होतं. मुठीत धरलं तर झोपलेलं पिल्लू धरल्यासारखं.

“वस्ताद, आज रस्सा दाताखाली येतोय बरं का!” रोजचं गिऱ्हाईक. हसतच म्हणालं.

आत्याचे दात खिडकीतल्या पेल्यात. ऊन पडलं की घरात सगळ्यांच्या आधी तेच हसतात.

अडीच तास मोटरवर घासलं. काचेसारखं. माशी बसली तर घसरावी असं.

एक दाणा. पांढरा, कोरडा, टणक.

*

वस्ताद म्हणजे दातवालीचे वडील. एकतीस वर्षं एकाच खाणावळीच्या चुलीपुढे उभे. खाणावळीचं नाव त्यांच्या एका रश्श्यावर चालायचं, आणि त्या रश्श्याला दाटपणा यायचा तो निव्वळ खसखशीनं. त्यात पीठ नाही, साय नाही. खसखस मंद आचेवर भाजायची, ती तडतडायला लागली की रंग बदलायच्या आत उतरवायची, गरम पाण्यात तासभर बुडवायची आणि मग पाट्यावर वाटायची. यंत्रात ती नुसती गरगर फिरते आणि भांड्याला चिकटून बसते, असं वडिलांचं ठाम मत. इतका बारीक दाणा दगडाखालीही सहज येत नाही, सटकतो. त्याला धरणारा पाटा लागतो आणि कधी थांबायचं हे सांगणारी जीभ.

दातवाली म्हणजे त्यांची मुलगी. ती डॉक्टर नव्हे. डॉक्टर पुढच्या खोलीत बसून लोकांच्या तोंडात बघतात, माप घेतात. ती मागच्या खोलीत बसून त्या मापावरून कवळ्या करते. प्लॅस्टरचे साचे, मेण, घासायची मोटर आणि गुलाबी भुकटीचे डबे, एवढा तिचा संसार. चार गल्ल्यांतली निम्मी म्हातारी माणसं तिच्या दातांनी जेवतात आणि तिच्याच दातांनी तिला आशीर्वाद देतात. आपलं काम चोख आहे याबद्दल तिला कधी शंका आलेली नाही. शंका घ्यावी असं ती करतच नाही.

फक्त वडिलांच्या कवळीनं तिला नाकी नऊ आणले होते.

वडिलांचे वरचे सगळे दात हिरडीच्या दुखण्यानं गेले. खालचे बरेचसे टिकले. तिनं वरची कवळी केली, अशी की डॉक्टरांनी ती उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली. वडील ती लावून कामावर गेले, आठवडाभर टिकले आणि आठव्या दिवशी दुपारीच घरी परतले. चपला काढता काढता म्हणाले, “हिच्याखाली खसखस जाते. टोचते. असल्या दातांनी मी उभा राहणार नाही.”

दुसरी केली. खसखस गेली. तिसरी केली. खसखस गेली.

“पिकतं तिथं विकत नाही,” आत्या म्हणाली. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. वरचे-खालचे दोन्ही संच भाचीनंच केलेले, आणि ती त्यांनी फुटाणे खाते. “मला बरी नाही जात खसखस! रोज झोपताना दुधातून घेते मी. वाटून, साखर घालून. डोळा कसा लागतो बघ. हाडांना चांगली, पोटाला चांगली.”

“तुझा डोळा खसखशीशिवायही लागतो,” वडील म्हणाले. “बोलता बोलता लागतो.”

“लागू दे. तू तरी घे. दोन महिन्यांत सदरा बघ कसा लोंबायला लागलाय. पातळ खिचडी खाऊन कुणी आचारी राहतो का, दादा?”

वडिलांनी सदरा ओढून नीट केला.

स्पष्ट बोलल्या त्या खाणावळीच्या मालकीणबाई. त्या स्वतः घरी आल्या, खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या आणि त्यांनी सरळच सांगितलं. “वस्ताद, तुमच्या जागेवर मी दोन महिने कुणाला बसवलं नाही. पण गिऱ्हाईक रस्सा अर्धा टाकून जातंय. सोमवारी सकाळी दहाला तुम्ही आलात तर चूल तुमची. नाही आलात तर मी मोठं यंत्र आणते आणि चूल झटपटच्या हाती देते. तुमच्यावर राग नाही माझा.”

झटपट म्हणजे दुसरा आचारी. मिशा पिकल्या तरी कुठल्याही कामाला “झालंच समजा” म्हणायचा, म्हणून हे नाव.

तो दिवस मंगळवार होता.

*

बुधवारी सकाळी वडिलांनी खसखस पेरलेला पाव खाल्ला. कवळी काढून तिच्यापुढे धरली. “बघ. पुन्हा दोन.”

तिनं कवळी घेतली, मागच्या खोलीतलं भिंग आणलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. हिरडीवर बसणाऱ्या बाजूला दोन दाणे होते. खरेच होते.

“आ करा.”

“कशाला?”

“करा म्हटलं ना.”

त्यांनी आ केला. तिनं आरसा आत घालून हिरडी बघितली. गुलाबी, स्वच्छ, निरोगी. एक लाल ठिपका नाही. कवळीखाली खसखशीचा दाणा घेऊन माणूस अख्खा पाव चावतो, तर हिरडीवर टाचणी टोचल्यासारखी खूण उमटलीच पाहिजे.

मग तिनं दाणे पुन्हा बघितले. पांढरे होते.

पावावरची खसखस भट्टीतून येते. ती तांबूस झालेली असते. ताटलीत सांडलेली होतीच समोर, सगळी तांबूस. हे दोन दाणे भट्टीतले नव्हते. सरळ डब्यातले होते.

 तिनं कवळी धुतली आणि त्यांच्या हातात दिली. आचाऱ्याची मुलगी असल्यामुळे कच्चं आणि भाजलेलं तिला दातांच्या आधीपासून कळत होतं. वडील स्वतःच्या हातानं, मुलीच्या कामाखाली, दाणे ठेवत होते. तीनदा. त्या तीन कवळ्यांवर तिनं मिळून किती…

नाही. आधी कारण शोधायचं. राग नंतर, सवडीनं.

*

गुरुवारी ती कामावर जाते असं सांगून निघाली आणि अर्ध्या तासानं परत आली. आत्या खुर्चीत घोरत होती. स्वयंपाकघरातून पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज येत होता. आधी करकर, मग सरसर, मग नुसतं ओलं पुटपुटणं. खसखस वाटली जात होती. म्हणजे कुणी बघत नसताना वडील सराव करत होते.

ती दाराआड थांबली.

वडिलांनी वाटणाचा कण जिभेच्या शेंड्यावर घेतला. जीभ टाळूला लावून एकदा पुढे, एकदा मागे. बोटांचा त्यांना कधीच भरवसा नव्हता. इतक्या वर्षांच्या विस्तवानं ती निबर झालेली. दातवाली लहान असल्यापासून हे बघत आली होती: जीभ टाळूवर फिरायची आणि वडील म्हणायचे, “अजून सहा फेरे.” बरोबर सहा.

आज ते काही म्हणाले नाहीत. पुन्हा कण घेतला, पुन्हा जीभ फिरवली. कपाळाला आठ्या. मग त्यांनी मागे वळून दाराकडे नव्हे, खिडकीकडे बघितलं, कवळी काढली, ओट्यावर ठेवली, बोडक्या टाळूवर तोच कण फिरवला आणि त्यांचा चेहरा एकदम सुटला.

“अजून चार,” ते स्वतःशी पुटपुटले.

“काढून का चाखता?” ती म्हणाली.

वरवंटा धाडकन पाट्यावर आला. बिनदातांचा माणूस दचकला की फार म्हातारा दिसतो. त्यांनी आधी कवळी बसवली, मगच उत्तर दिलं.

“कामावर नाही गेलीस?”

“दाणे डब्यातले होते, बाबा.”

घोरणं थांबलं.

“कुठले दाणे?”

“हिरडीवर खूण नाही, दाणे पांढरे, आणि तुम्ही खाल्ली भाजलेली खसखस. मी खोटे दात करते, पण मला खोटं ओळखता येतं.”

वडिलांनी पाट्यावरचं वाटण बोटानं एका जागी गोळा केलं. कडेनं, नीट, एक दाणा न सोडता. मग म्हणाले, “तुझ्या हातात खोट काढायला दोन दाणे पुरले. माझ्या जिभेत खोट आहे, हे कुणाला सांगू? त्या झटपटला?”

“म्हणजे माझं नाव खड्ड्यात गेलं तरी चालेल!”

“तुझं नाव एवढं उंच आहे, दोन दाण्यांनी काय होतंय.”

“वाटता येईना, कवळी वाकडी!” आत्या दारात उभी होती. दात पेल्यातच राहिल्यानं म्हण निम्मी हवेत गेली, पण पोचली. “अरे, आपलेच दात आपलेच ओठ म्हणतात, ते सोसायला. इथं दातही तिनंच केलेत. लाज वाटू दे जरा!”

“तू आधी दात लावून ये, मग लाज काढ.”

दातवालीला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. तिनं स्टूल ओढलं. “आता खरं सांगा. काय होतं नेमकं?”

“काय व्हायचंय?” वडिलांनी तोंडात बोट घालून टाळूवर टकटक केलं. “ही तुझी कवळी. आरशासारखी. वाटण जिभेवर घेऊन लावलं की सटकन घसरतं. जाड काय, बारीक काय, सगळं सारखंच. काचेवर खसखस वाटली आहेस कधी? सटकते. पाटाही गुळगुळीत झाला की निरुपयोगी. म्हणून तर दगडाला टाकी मारून घ्यायची. छिन्नीनं टोचे पाडले की मग तो दाणा धरतो. तुझ्या टाळूला टाकीच नाही.”



तिनं स्वतःची जीभ टाळूवर फिरवली. दातांच्या मागे, आडव्या, वाळूवर लाट उमटावी तशा वळ्या. पाच-सहा. त्या सगळ्यांच्या तोंडात असतात. प्रत्येक साच्यावर तिला त्या दिसत आणि प्रत्येक कवळीत ती त्या मेणानं भरून सपाट करत असे. शेवटी मोटरवर घासून घासून चमकवत असे. त्याच चमकेसाठी डॉक्टर कवळी उजेडात धरत. चार गल्ल्यांत एकानंही तक्रार केली नव्हती, कारण चार गल्ल्यांत कुणी जिभेनं खसखस मोजत नव्हतं.

“तुमचा पहिला साचा माझ्याकडे आहे,” ती म्हणाली. “फळीवर. दात काढल्यावरचा, सगळ्या वळ्यांसकट.”

“मग?”

“मग काय, मारते टाकी.”

*

डॉक्टर म्हणाले, “अगं, टाळू खडबडीत ठेवलास तर अन्न अडकेल. गुळगुळीत करतो ते उगाच नाही.”

“खडबडीत नाही ठेवत. वळ्या ठेवते. वळ्याही चमकतील.”

“आणि नाही जमलं तर?”

“जमेल,” ती म्हणाली, आणि प्लॅस्टर कालवायला गेली.

शुक्रवार, शनिवार. पातळ मेणाचा पत्रा कोमट करून तिनं तो वडिलांच्या साच्यातल्या टाळूवर अंगठ्यानं दाबत नेला. एकेक वळी मेणावर उठली. डावीकडची तिसरी मधेच तुटून पुन्हा सुरू होणारी. ती तिनं तशीच घेतली. दुरुस्त करावीशी वाटली, हात आवरला. घासताना मोठं चाक बाजूला ठेवलं आणि मऊ केसांच्या लहान ब्रशनं वळीवळीतून गेली. रविवारी दुपारी चौथी कवळी तयार होऊन पाण्यात पडली.

वडिलांना ती दाखवली, तेव्हा त्यांनी आधी जिभेला विचारलं नाही. आधी अंगठा फिरवला, पाट्यावरून फिरवतात तसा. आणि म्हणाले, “हं.”

*

सोमवारी दहाला पाच कमी असताना वस्ताद खाणावळीत शिरले. पाठोपाठ दातवाली. झटपटनं पाट्यावर खसखस वाटून ठेवली होती, मालकीणबाईंच्या सांगण्यावरून.

“झालंच समजा, वस्ताद! लोण्यासारखी झालीय.”

वडिलांनी कण घेतला. जीभ वर गेली, पुढे, मागे. थांबली. पुन्हा मागे. स्वयंपाकघरात फक्त आधणाचा आवाज. दातवालीनं हात पदराखाली घेतले नाहीत की देवाचं नाव घेतलं नाही. ती भिंतीला टेकून उभी होती, कारण काम तिनं केलं होतं आणि ते तिला माहीत होतं. तरी तिची स्वतःची जीभ टाळूला चिकटलीच.

“लोण्यासारखी,” वडील म्हणाले. “लोण्यात वाळू असते तसलं लोणी. अजून नऊ फेरे.”

खाणावळीत खसखस पिकली. झटपटही हसला, बाही वर करून बसला आणि मोठ्यानं मोजत नऊ फेरे मारले. मालकीणबाईंनी आठव्यानंतर वाटण दोन बोटांत चोळून बघितलं, पुन्हा नवव्यानंतर बघितलं, आणि एप्रन खुंटीवरून काढून वस्तादांच्या हातात दिला.

वडिलांनी तो बांधला. बांधता बांधता मुलीकडे वळून म्हणाले, “डावीकडची तिसरी वळी जरा उंच झालीय हं.”

“ती तुमचीच आहे. जशी होती तशी घेतलीय.”

“माझी?” त्यांनी जिभेनं पुन्हा बघितलं. “मग असू दे.”

दुपारी ते जेवायला बसले. पाव, रस्सा, वरून चिमूटभर भाजलेली खसखस. ताट पुसून उठले. दाणे कुणी मोजले नाहीत.

पहिली कवळी लावून कामाला लागल्यावर तिसऱ्याच दिवशी, रस्सा दाताखाली येतोय असं गिऱ्हाईक हसत म्हणालं तेव्हा, वडिलांनी स्वतःच्या पैशानं खाणावळीच्या पाट्याला नवी टाकी मारून घेतली होती. पाटा अगदी ठीक होता.