खिडकीतल्या सात बरण्या

"आत्या, तू या कचऱ्याला कपडे शिवणार आहेस का?"

प्रश्न माझा नव्हता. चष्मी आणि पोपट या माझ्या वर्गमैत्रिणींनी पैज लावली होती, की मी हे विचारूच शकणार नाही. पण वर्गाची मॉनिटर झाल्यापासून मी कुणाला घाबरत नाही. विचारलं!

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्याच घरी राहते आणि काचा लावलेल्या गॅलरीत मशीन टाकून कपडे शिवते. तिथल्या खिडकीत तिच्या सात बरण्या असतात. त्यांत कांद्याच्या पातीची बुडखी, कोबीचा दांडा, गाजराचे शेंडे, असलं सगळं आम्ही चिरून टाकलेलं. रोज सकाळी ती गळ्यातला टेप काढून एकेक कोंब मोजते आणि बरणीवर खडूने आकडा लिहिते. मैत्रिणींनी ते पाहिलं आणि हसून हसून लोळायच्याच बाकी राहिल्या.

आत्याने ओठांतली टाचणी काढली. "शिवेन की. पण वाढतं अंग आहे, आत्ताच माप घेतलं तर तुझ्या गणवेशासारखं होईल. दर सहा महिन्यांनी आखूड!"

दोघी दारातच गार.

"मग या शेंड्याला गाजर येणार?" तरी पोपटने विचारलंच.

"छे गं. कापलं ते गेलं. वर पाला येईल, तोही छान लागतो."

आत्या थाप मारत नाही. गिऱ्हाइकालाही नाही.

आता खरी गोष्ट सांगते. त्या गॅलरीत माझी अभ्यासाची खोली होणार होती. त्यासाठी महिनाभर आईबाबांचं डोकं मीच खाल्लं होतं. रविवारी सुतार येणार, खिडकीला लागून टेबल बसणार, आणि आत्याची मशीन आतल्या खोलीत जाणार, जिथे भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. आत्या एवढंच म्हणाली होती, "पोरीचं दहावीचं वर्ष आहे." बरण्यांचं काय, हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

बुधवारी आत्या शिवलेले गणवेश पोचवायला दोन दिवस बाहेरगावी गेली. जाताना म्हणाली, "बरण्यांचं पाणी तेवढं बदल." मी सातही बरण्या काठोकाठ भरल्या. जास्त पाणी, जास्त वाढ, साधं गणित! शुक्रवारी संध्याकाळी बाबा नाकाला रुमाल लावून गॅलरीतून बाहेर आले. "काय मेलंय तिथे?"

तेवढ्यात आत्या आली. मी रडायच्या बेतात. तिने एक बरणी उचलून वास घेतला.

"बुडवलीस होय सगळी! अगं तुफान पोरी, नुसते तळवे ओले करायचे. आंघोळ नाही घालायची."

"आता फेकायचं का सगळं?"

"शिवण चुकली म्हणून कापड फेकते का मी? उसवायचं. आण ती छोटी कात्री."

प्रवासाची पिशवीही न सोडता ती तासभर बसली. एकेक बुळबुळीत साल सोलली, काळी मुळं छाटली, बुडखी धुतली आणि बोटभर पाण्यात पुन्हा उभी केली. कोबी गेला. बाकीची सहा वाचली. एवढं नाजूक काम मी कुणाला इतक्या शांतपणे करताना पाहिलेलं नाही, आणि पूर्ण वेळात ती मला एकदाही रागावली नाही.

रविवारी सकाळी तिने टेप माझ्या हातात दिला. पातीच्या मधोमध नवा हिरवा कोंब!

"अर्धा इंच!" मी एवढ्या जोरात ओरडले की आई लाटणं घेऊन धावत आली.

आत्या हसली आणि दुसरी बरणी चिंध्यांत गुंडाळू लागली.

"हे काय करतेस?"

"खालच्या दुकानवाल्या बाईंना देऊन टाकते. आत उजेड नाही ना, तिथे नाही जगायची ही."

अगदी सहज म्हणाली. तक्रार नाही, काही नाही. तेवढ्यात बेल वाजली आणि सुतारकाका फूटपट्टी घेऊन आत आले.

"काका, टेबल नको," मी म्हणाले. "या खिडकीला दोन फळ्या ठोका. बरण्यांसाठी."

"आणि तुझा अभ्यास?" बाबांनी कपाळाला हात लावला. "महिनाभर आमचा जीव खाल्लास तो?"

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी आतल्या खोलीत बसणार, दिव्याखाली. मला दिवा चालतो, पातीला नाही चालत. मशीन इथेच राहणार आणि आत्याही इथेच. आणि आई, आजपासून पात चिरताना बुडखं दोन बोटं सोडून काप."