चर्चिलच्या पद्धतीचा टोस्ट

आम्ही अबू धाबीत राहतो. इथे नात लॅरिसाच्या लग्नात टोस्ट मी करायचा, हे तिनेच ठरवलं. आमच्या गावी वसईत, ख्रिस्ती लग्नांत, हे काम एखाद्या बोलक्या माणसाला देतात. तो नवरा-नवरीबद्दल चार शब्द बोलतो, शेवटी ग्लास उंचवायला सांगतो. सगळे पितात आणि बँड सुरू होतो. मी चारचौघांत बोलणारा नव्हे. पण लॅरिसा लग्नानंतर ॲरॉनबरोबर कॅनडाला जाणार होती, आणि तिला सांगायचं बरंच राहून गेलं होतं.

मी चर्चिलचा आधार घेतला. तरुणपणी पार्लमेंटमध्ये बोलताना त्याला पुढचं आठवेना, तेव्हा तो खाली बसला. पुढे तो भाषणं लिहून नेऊ लागला, कवितेसारख्या तुटक ओळींत. मीही तशीच कार्डं केली.

"बंगालमध्ये लोक उपाशी मेले तेव्हाचा पीएम ना?" मुलगा रॉबिन म्हणाला. "डॅडी, दुसरा कोणी मिळाला नाही?"

बॉम्ब पडत असताना त्याच्या शब्दांनी लंडनला धीर दिला, हे खरं. रॉबिन म्हणतो तेही खरं. त्याची भाषणं मी वर्षानुवर्षं वाचतो, आणि पुस्तक मिटताना दर वेळी ओशाळतो.

बायकोने, अ‍ॅग्नेसने, कार्डं चाळली. "संकट, झुंज, विजय! विली, पोरगी कॅनडाला चाललीय, युद्धावर नाही."

तरी मी तालीम सोडली नाही. शेवट फसला तर सगळं फसतं, म्हणून शेवटचं कार्ड पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

लग्नाच्या हॉलमध्ये वाइनऐवजी द्राक्षाचा ज्यूस वाटून झाला. सूत्रसंचालन करणाऱ्या अंकुरने माइक हातात दिला. "यल्ला अंकल, चला लवकर, बुफे तयार आहे."

मी वरचं कार्ड वाचलं. "लॅरिसा आणि ॲरॉनच्या सुखासाठी ग्लास उंचवा!"

तालमीनंतर शेवटचं कार्ड वरच राहिलं होतं. सगळे प्यायले. बँड सुरू झाला.

"डॅडी, शॉर्ट अँड स्वीट!" रॉबिनने पाठ थोपटली. मी खुर्चीवर जाऊन बसलो.

थोड्या वेळाने झगा सावरत लॅरिसा शेजारी येऊन बसली. "ग्रँडपा, बाकीच्या कार्ड्सवर काय होतं? टेल मी."

मी पहिलं कार्ड काढलं. त्यावर संकट होतं. ते परत खिशात ठेवलं.

"तुझी ऑफिसची बस यायच्या वेळी मी रोज बिल्डिंगखाली येऊन उभा राहायचो," मी म्हणालो. "वॉकला आलोय म्हणायचो, पण वॉकसाठी नव्हे. तू दिसावीस म्हणून."

"कान्ट हिअर यू, ग्रँडपा! लाउडर!"

बँड जोरात वाजत होता. मी उठून उभा राहिलो आणि तेच ओरडून सांगितलं. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. अजून बरंच सांगायचं होतं. मी खाली बसलो नाही.