हनुवटीवरचा डाग

मित्रांनो, मी एक जुनं, जाडजूड पुस्तक आहे. डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले फोटो संगणकावर कसे सुधारायचे, हे मी शिकवतो. पुस्तकाने शांत असावं म्हणतात. मी शांत नाही. माझ्या पानापानात राग भरला आहे.

मला एका निवृत्त फोटोमास्तरांनी लिहिलं. स्वतः दहा वेळा करून पाहिल्याशिवाय एक पायरीही लिहायची नाही, असा त्यांचा हट्ट. एका बटणाची माहिती लिहायला अर्धी दुपार जाई. बायको म्हणायची, "अहो, वाचणारे काही इतके बुद्दू नसतात."

"बुद्दू नसतात गं, घाबरलेले असतात," मास्तर म्हणायचे.

म्हणून माझ्या तिसऱ्याच पानावर चौकटीत जाड अक्षरांत छापलं आहे: मूळ फोटोला हात लावू नका. आधी त्याची प्रत काढा.

मला विकत घेतलं एका स्टुडिओच्या मालकाने. खाली चपलांचं दुकान, वर स्टुडिओ. त्याने मला चार दिवस गिऱ्हाइकांना दिसेल असं काउंटरवर उभं केलं आणि पाचव्या दिवशी मॉनिटरखाली सरकवलं. का, तर मॉनिटर बुटका पडत होता! "पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकतं का?" असं म्हणून तो स्वतःच हसला. सहा वर्षं मी ते ओझं डोक्यावर घेऊन पडून होतो. तीनशे बारा पानांचं ज्ञान, आणि काम काय, तर विटेचं!

मला बाहेर काढलं ते कातरबाईंनी. पासपोर्ट फोटो कापायचं काम त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. एकदा मालक जेवायला घरी गेला असताना त्यांनी माझ्या जागी फोटोच्या कागदाचे दोन रिकामे खोके ठेवले आणि मला मांडीवर घेतलं. मग रोज दुपारी आमची शिकवणी. एका हाताचं बोट माझ्या ओळीवर, दुसरा हात माऊसवर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका गृहस्थांचा कान पुसून टाकला आणि एकट्याच खुदकन हसल्या. 'लेअर'चा धडा त्यांनी पाच वेळा वाचला. सहाव्यांदा म्हणाल्या, "हात्तिच्या! म्हणजे फोटोवर पारदर्शक कागद ठेवून त्या कागदावर रंगवायचं!" मास्तरांना नऊ पानं लागली होती ते सांगायला.

वर्षभरात बाई तयार झाल्या. फाटलेले, डागाळलेले फोटो त्यांच्या हातून उजळून निघू लागले. गिऱ्हाइकं वाहवा करत, आणि मालक छाती पुढे काढून म्हणे, "रात्रंदिवस डोळे फोडलेत मी यासाठी!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाई मात्र खाली मान घालून कातर चालवत.

मग एके दिवशी एक टपालवाली आली. खांद्याला पत्रांची पिशवी, हातात कागदात गुंडाळलेलं मेमरी कार्ड.

"यात माझ्या आईचा फोटो आहे," ती म्हणाली. "आई गेली मागच्या महिन्यात. तिला फोटोचं भारी वावडं, त्यामुळे एवढा एकच. जरा मोठा करून द्या."

"असा करून देतो की बघतच राहाल!" मालक म्हणाला. ती गेली आणि तो स्वतः संगणकावर बसला. बहुधा बाईंच्या कामाची वाहवा ऐकून त्याचे हात शिवशिवत होते. त्याने फोटो थेट कार्डावरूनच उघडला.

"साहेब, आधी प्रत काढून ठेवा," बाई म्हणाल्या.

"तू कातर सांभाळ. मला शिकवू नकोस."

फोटोतल्या आईचा सावळा रंग त्याने पिठासारखा पांढरा केला. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या घालवल्या. हनुवटीवर एक मोठा डाग होता, तोही साफ पुसला. आणि त्याच नावाने फाईल जतन केली. मूळ फोटो त्या एका क्लिकने गेला. वर कहर म्हणजे, तेच कार्ड कॅमेऱ्यात घालून त्याने दोन दिवस एका लग्नाचे फोटो काढले. मूळ फोटो परत मिळवायची काही आशा असेल, तर तीही संपली.

टपालवाली आली. फोटो हातात घेऊन ती बराच वेळ पाहत राहिली.

"ही कोण?"

"तुमच्या आईच! दहा वर्षांनी तरुण केलंय."

"हनुवटीवरचा डाग कुठाय?"

"काढला ना! कसा घाण दिसत होता."

तिचा आवाज चढला. "मी दीड वर्षाची असताना उकळतं पाणी ओढून घेतलं होतं अंगावर. आई मध्ये पडली. तो डाग माझ्या वाटणीचा होता हो! तुम्हाला कोणी सांगितलं होतं पुसायला? मूळ फोटो द्या मला."

मालकाचा चेहरा पडला. पण चोराच्या उलट्या बोंबा! "संगणक बिघडला, त्यात उडाला तो," तो म्हणाला. "आणि मी या पुस्तकात दिलंय तसंच केलं." असं म्हणून त्याने मला बाईंच्या टेबलावरून ओढून काउंटरवर आपटलं. माझा पुठ्ठा उसवला.

कातरबाई उठल्या. "संगणक बिघडलेला नाही, ताई. मूळ फोटोवरच काम केलं, म्हणून तो गेला. मी एकदाच सांगितलं आणि गप्प बसले. चुकलंच माझं."

"उद्यापासून येऊ नकोस!" मालक ओरडला.

"उद्यापासून कशाला? ही निघाले," बाई म्हणाल्या आणि मला उचलून काखेत मारलं.

जिन्याखाली टपालवाली रडत उभी होती. बाई तिच्याजवळ थांबल्या. "या फोटोतला रंग थोडाफार सावळ्याकडे आणता येईल. डागही पुन्हा रंगवून देईन, पण तो मी रंगवलेला असेल. खरा नसेल. खोटं कशाला सांगू?"

टपालवालीने डोळे पुसले. "रंग तेवढा करा. डाग नको. तो कुठे होता, मला माहीत आहे."

आता मी बाईंच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर असतो. उसवलेला पुठ्ठा त्यांनी सुतळीने शिवला आहे. पण राग गेलेला नाही. मालकावर आहेच, पण खरं सांगू? थोडा माझ्यावरही आहे. डाग कसा पुसावा, यावर माझी अकरा पानं आहेत. पुसण्याआधी विचारावं, अशी ओळ एकाही पानावर नाही. मास्तरांना सुचलं नाही, आणि मीही मिरवत राहिलो.

मित्रांनो, पुस्तकाची वीट करू नका, उघडून वाचा. पण वाचून हातात कसब आलं, की दुसऱ्याच्या माणसाचा चेहरा आपल्या आवडीने घासूनपुसून काढू नका. त्या अकरा पानांतल्या पहिल्याच पानावर कातरबाईंनी बॉलपेनने, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं आहे: "आधी विचारा, हा डाग कशाचा?"