कीर्तनाचा डावा गुडघा

सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी कुंभकोणमहून एकच मुलगी घ्यायची होती, आणि ती कोण हे रघूत्तमने ठरवायचं होतं. बावीस वर्षं तो हेच करत आला होता. गावोगावच्या मैदानांवर उभं राहायचं, पोरींना आठशे मीटर पळवायचं, एकीचं नाव लिहायचं आणि उरलेल्यांच्या आईबापांकडे न बघता गाडीत बसायचं. लोक त्याला 'सार', म्हणजे सर, म्हणत. त्यापुढचं नावगाव विचारायची कोणाला गरज पडली नव्हती.

त्या सकाळी इन्नंबूरची कीर्तना पहिली आली. बारा वर्षांची, काटकुळी, वळणावरसुद्धा वेग न सोडणारी. पापनाशमची भुवनेश्वरी दुसरी, चांगली सहा सेकंद मागे. खरं तर काम तिथेच संपलं होतं. दुखापतीचा रकाना तेवढा भरायचा राहिला होता, म्हणून त्याने दोघींना टेबलापाशी बोलावलं.

कीर्तनाच्या मागे तिची आई उभी होती, सीतालक्ष्मी. पोरीच्या खांद्यावरचा टॉवेल सारखा करत, आवाज जरासुद्धा न उतरवता, ती मराठीत म्हणाली, "डावा गुडघा दुखतो म्हणून सांगूं नको हो. विचारला तर नाहीं म्हणून सांग. मग पाहूं."

तंजावरकडच्या मराठी घरांतली ही जुनी खोड. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आणि बाहेर काही झाकायचं असलं की पुन्हा मराठी. भाजीवाल्यासमोर, डॉक्टरसमोर, सोयरीक जुळवताना. रघूत्तमची आईदेखील बसमध्ये कंडक्टरसमोर हेच करायची. भिंतीला कान असतात म्हणतात. इथे भिंत नव्हती, पण रघूत्तम होता.

"कुठे काही दुखतं का?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"नाही, सार."

त्याने तिला उजव्या पायावर दहा उड्या मारायला लावल्या, मग डाव्या. पोरीने दहाच्या दहा मारल्या. शेवटच्या तीन उड्यांना तिने दात आवळले होते, पण दात आवळणं काही कुठल्या रकान्यात लिहिता येत नाही.

चार वर्षांपूर्वी अशाच एका मुलीच्या नडगीकडे त्याने काणाडोळा केला होता. वसतिगृहात दोन्ही वेळचा सराव करून ती आठ महिन्यांत लंगडत घरी परतली, आणि पुन्हा कधी धावली नाही. आता बावीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या बोलीतली पोर समोर उभी होती. तिला घ्यावं असं त्याला फार वाटत होतं, खोटं कशाला बोला. त्याने भुवनेश्वरीचं नाव लिहिलं.

निकाल ऐकून कीर्तना रडली नाही. ती नुसतीच बुटाच्या नाड्या सोडत बसली. सीतालक्ष्मी तिच्याजवळ वाकली, आणि पुन्हा मराठीच. "सोड गे. सार बरा माणूस आहे. किती लक्ष देऊन पाहिला! आपला कोणी असता तरी याहून काय केला असता?"

इथे गप्प बसून भागलं असतं. पण मग गुडघाही तसाच राहिला असता.

"अक्का," रघूत्तम मराठीत म्हणाला, "हिला हाडांच्या डॉक्टराकडे घेऊन जा. तोंवर पळवूं नका."

सीतालक्ष्मीने पोरीचा हात घट्ट धरला. मघापासून बोललेलं सगळं तिने एकदा मनात चाचपून पाहिलं असावं. ती संतापली नाही, लाजलीही नाही.

"तुम्ही आमचेच का," ती म्हणाली. "म्हणून कळला तुम्हांस. परका कोणी बसला असता तर माझ्या पोरीस जागा मिळाली असती."

रघूत्तमने मान हलवली. ते खरंच होतं.